पडद्यावरचा चीन आणि मनातला चीन



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून दोघा-तिघांनी मला वाटेत अडवून विचारले, "तुम्ही कामगारांच्या सभेत बोलणारे गृहस्थ. हाँगकाँगच्या मालिकांवर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी चिनी भाषेचा पंडित नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. पण संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते. सभेची वेळ ठरवताना आधी कारखान्याची पाळी पाहावी लागते आणि मग मालिकेची वेळ. १९८७-८८ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागत असे, तेव्हा सभा ठेवणारा पुढारी रिकाम्या सतरंजीपुढे बोलत असे. जी गोष्ट हजारो कष्टकऱ्यांना ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, कोणी न बोलावता आणून बसवते, तिला क्षुल्लक म्हणून कसे चालेल?

दुसरेही एक कारण आहे. १९६७ साली हाँगकाँगमध्ये झालेल्या एका कामगार-तंट्याची हकिगत वाचत असता मी या मालिकांपर्यंत येऊन पोचलो. कसा ते ओघाने येईलच. या मालिका कँटनीज भाषेतल्या. त्यांचे चाहते हाँगकाँगात आहेत, चीनच्या मुख्य भूमीवर आहेत, क्वालालंपूरपासून टोरांटोपर्यंत पसरलेले आहेत. एके काळी या मालिकांनीच त्यांतल्या पुष्कळांना चीनच्या इतिहासाची, रीतीभातींची, सणावारांची गोडी लावली. आज त्याच मालिकांचे नाव काढले की कित्येकांना खंत वाटते, कित्येकांना संताप येतो. आणि तो संताप कधी कधी चिनी म्हणून जे जे असेल त्या सगळ्यावर जाऊन पडतो. हे असे का झाले, हा आजचा विषय. त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. एखाद्या संस्कृतीवर प्रेम करणाऱ्याने, त्या संस्कृतीच्या नावाने राज्य करणाऱ्यांपुढेही मान लववलीच पाहिजे काय?

प्रथम भाषेचा उलगडा करू. 'चिनी भाषा' असे आपण एकवचनात म्हणतो, पण ती एक नाही. मँडरिन ही उत्तरेकडच्या बोलण्यावर आधारलेली राजभाषा. कँटनीज ही दक्षिणेची. ग्वांगडाँग प्रांत, शेजारच्या ग्वांगशीचा काही भाग, हाँगकाँग आणि मकाव येथली. लेखनाची चिन्हे समाईक असल्यामुळे दोन्हीकडचा शिकलेला माणूस एकमेकांचे पत्र वाचू शकतो, पण दोघे बोलू लागले की एकाचे दुसऱ्याला कळत नाही. मराठी आणि हिंदी या दोन्ही देवनागरीत लिहितात, तरी त्या दोन भाषा आहेत हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. कँटनीज आणि मँडरिन यांतले अंतर याहून पुष्कळ अधिक आहे. मँडरिनमध्ये चार सूर, कँटनीजमध्ये सहा. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे कँटनीज मालिकेवर मँडरिन आवाज चढवला की कथा तेवढी उरते. थट्टा, शिवी, लाडाची हाक हे बहुतेक सगळे वाटेत सांडते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुख्य भूमीवर १९५० च्या दशकात चिन्हे सोपी करण्यात आली. हाँगकाँगने जुनी, भरगच्च चिन्हेच चालू ठेवली. तेव्हा तेथे बोलणे आणि लिहिणे या दोन्ही बाबतींत माणूस कोणत्या बाजूचा हे चटकन ओळखू येते.

हाँगकाँगचे बेट १८४२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले. १८९८ साली त्यांनी पलीकडचा बराच मुलूख ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला. १९४९ च्या क्रांतीच्या आगेमागे लाखो निर्वासित तेथे आले. डोंगरउतारावरच्या झोपड्या, मग सरकारी चाळी, एका खोलीत सहा-सहा माणसे, आणि घरातल्या बायकामुलींनी कारखान्यात शिवायचे, जोडायचे, रंगवायचे, असे ते जीवन होते. राज्य इंग्रजांचे, कायद्याची भाषा इंग्रजी. जी भाषा जवळजवळ सगळे गाव बोलत होते, तिच्या लिखित रूपाला राजभाषेचा दर्जा मिळायला १९७४ साल उजाडावे लागले.

आता १९६७. मे महिन्यात सान पो काँग या भागात प्लॅस्टिकची फुले करणाऱ्या एका कारखान्यात तंटा झाला. अशा तंट्यांत नवीन काही नव्हते. पण त्या वेळी मुख्य भूमीवर सांस्कृतिक क्रांतीचा ज्वर चढला होता. डाव्या संघटना आणि वसाहतीचे सरकार समोरासमोर आले. संप, मोर्चे, लाठ्या, संचारबंदी, आणि शेवटी बाँब, अशी मजल गेली. वर्ष सरेपर्यंत ५१ माणसे प्राणास मुकली. मी कामगार चळवळीतला आहे, म्हणून दोन्ही गोष्टी बोलतो. तंट्याचे मूळ खरे होते, कामगारांचे हाल खरे होते. आणि रस्त्यावर बाँब ठेवून कोणत्याही कामगाराचे हाल कमी झाले नाहीत, हेही खरे. सामान्य माणूस दोघांनाही दचकला. एका बाजूला परक्याचे सरकार, दुसऱ्या बाजूला सीमेपलीकडचा वणवा. आपण कोण, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हा उभा राहिला.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबर रोजी 'टीव्हीबी' ही चित्रवाणी सुरू झाली. तारेवरून, वर्गणी भरून पाहायची चित्रवाणी १९५७ पासून होती. पण घरावर काटकी लावून फुकट पाहता येईल अशी ही पहिलीच. तिच्या संस्थापकांत चित्रपटधंद्यातले बडे प्रस्थ रन रन शॉ होते. पहिल्याच दिवसांपासून 'एंजॉय युअरसेल्फ टुनाइट' हा गाण्या-नकलांचा कार्यक्रम सुरू झाला, तो १९९४ पर्यंत चालला. संध्याकाळी पाळी सुटावी, खोलीत घडीचे टेबल उघडावे, आणि भात वाढता वाढता मालिका पाहावी, ही रीत पडली. टीव्हीचा रस्सा भातावर ओतून जेवणे अशा अर्थाचा एक वाक्प्रचारच कँटनीजमध्ये रुजला. इंग्रज सरकारने जी भाषा कचेरीत घेतली नाही, ती या पेटीने घरोघर मानाने बसवली. तेथे मालकही कँटनीज बोले आणि हमालही. हाँगकाँगचा म्हणून जो एक समाज तयार झाला, त्याच्या घडणीत या जेवणाच्या वेळेचा वाटा मोठा आहे.

या मालिकांत असे काय होते? एक प्रकार संसारी. भावाभावांची वाटणी, खानावळीची गादी कोणी चालवायची, सासूसुना, पोलिस, वकील, डॉक्टर. कोणी दुःखी बसले की शेजारीण येऊन विचारणार, भूक लागली असेल, शेवया करून देऊ का? हे वाक्य इतक्या मालिकांत इतक्या वेळा आले की पुढे ते थट्टेचा विषय झाले. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात आपले घर दिसत होते. दुसरा प्रकार तलवारबाज वीरांच्या कथांचा. त्याचे मोठे नाव म्हणजे लुई चा, टोपणनाव जिन योंग. जेजियांग प्रांतात जन्मलेला हा लेखक १९४८ साली हाँगकाँगला आला आणि १९५५ ते १९७२ या काळात वृत्तपत्रांतून रोज थोडी थोडी अशा कादंबऱ्या लिहीत राहिला. त्यांच्या एका कादंबरीवरची 'द लेजंड ऑफ द काँडोर हीरोज' ही टीव्हीबीची ५९ भागांची मालिका १९८३ साली लागली. तिच्यातली नायिका बार्बरा युंग १९८५ साली, अवघ्या २६ वर्षांची असताना वारली, आणि आज चाळीस वर्षे लोटली तरी तिचे चाहते तिला विसरलेले नाहीत.

येथे एक मौज पाहण्यासारखी आहे. या लुई चांच्या कादंबऱ्यांवर मुख्य भूमीवर अनेक वर्षे बंदी होती, आणि तैवानमध्येही होती. दोन भांडणाऱ्या सरकारांनी जे दारात येऊ दिले नाही, ते हाँगकाँगात उघड छापले गेले आणि पडद्यावर आले. सोंग घराण्याचे सैन्य, मंगोलांचे तंबू, पीचची फुले फुललेले बेट, हे सगळे हाँगकाँगच्या कलाकारखान्यातल्या सुतारांनी, रंगाऱ्यांनी, शिंप्यांनी उभे केले. १९८० ची 'द बंड' ही मालिका तशीच. १९२०-३० च्या काळातले शांघाय, गुंडांच्या टोळ्या, आणि पांढरा मफलर गळ्यात टाकलेला चाउ युन-फॅट. संगीत जोसेफ कू यांचे, गीत जेम्स वाँग यांचे, आवाज फ्रान्सिस यिप यांचा. ज्यांना कँटनीजचा एक शब्द येत नाही, असे लोकही ते गाणे गुणगुणतात. चाहत्यांनी ज्या चीनवर प्रेम केले, तो असा होता. त्यात शौर्य होते, गुरुभक्ती होती, वचन पाळणे होते. त्यात फक्त सरकार नव्हते. निर्वासितांच्या गावाने आठवणीतून बांधलेला तो चीन होता, आणि म्हणूनच तो कोणालाही आपलासा करता येत होता.

पण गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. १९७९ साली एक मालिका लागली. तिच्या चिनी नावाचा अर्थ 'जाळ्यातला माणूस'. ८० भागांची. एक भाऊ हाँगकाँगात वाढलेला, शिकलेला. तो चाउ युन-फॅट. दुसरा मुख्य भूमीवरून मागाहून आलेला, गावंढळ, आळशी, खादाड. त्याचे नाव 'आ चान'. लोकांनी ते पात्र डोक्यावर घेतले, आणि मुख्य भूमीवरून येणाऱ्या प्रत्येक नव्या मजुराला 'आ चान' म्हणून हिणवण्याची चाल पडली. त्या काळी सीमा चुकवून शहरापर्यंत जो पोचेल त्याला राहू देत. ते धोरण ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाले. म्हणजे पडद्यावरच्या प्राचीन चिनी वीरावर जीव टाकणारा प्रेक्षक, शेजारच्या बाकावर येऊन बसलेल्या जिवंत चिनी मजुराला हसत होता. स्वतःचा बाप तसाच सीमा ओलांडून आला होता, हे विसरून हसत होता. हिंदी चित्रपटातली मोलकरीण मराठीच का, असे आपण चिडून विचारतो. तेव्हा त्या मजुरांना काय वाटले असेल, याची कल्पना आपल्याला करता येईल. हे आ चान लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

मालिका हाँगकाँगात राहिल्या नाहीत. सीमेला लागून असलेल्या ग्वांगडाँगमध्ये १९८० च्या दशकात लोकांनी घराच्या छपरावर माशाच्या काट्यासारख्या दिसणाऱ्या उंच काटक्या उभारल्या आणि हाँगकाँगच्या दिशेने वळवल्या. अधिकाऱ्यांनी त्या उतरवायला लावल्या. लोकांनी पुन्हा चढवल्या. १९८३ साली प्रतिस्पर्धी चित्रवाणीची, युद्धकलानिपुण हुओ युआनजियावरची मालिका मुख्य भूमीवर अधिकृतपणे दाखवली गेली. हाँगकाँगची तेथे गेलेली ती पहिली मालिका. उत्तरेकडच्या लोकांनी या मालिका मँडरिन आवाजात पाहिल्या, आणि त्या आवाजांची म्हणून एक खास ढब त्यांच्या कानात बसली. समुद्रापलीकडे व्हँकूव्हर, टोरांटो, सॅन फ्रान्सिस्को, लंडन येथल्या चिनी वस्त्यांत वाण्याच्या दुकानात कॅसेटी भाड्याने मिळू लागल्या. आईबाप दिवसभर खानावळीत राबत. मुले इंग्रजी शाळेतून येत आणि आजीबरोबर मालिका पाहत. त्या मुलांची कँटनीज टिकली ती शाळेमुळे नव्हे, या कॅसेटींमुळे. क्वालालंपूरमध्ये हक्का, होक्कियेन अशा इतर चिनी भाषा बोलणाऱ्या घरांतही या मालिकांनी कँटनीज नेली. व्हिएतनामी आणि थाई भाषांत आवाज चढवून त्या आणखी दूर गेल्या. सिंगापूरने मात्र वेगळा रस्ता धरला. १९७९ साली ली कुआन यू यांनी 'मँडरिन बोला' ही मोहीम सुरू केली आणि तेथल्या चित्रवाणीवर कँटनीज मालिका मँडरिनमधून दिसू लागल्या. घरातल्या आजीला आपलीच मालिका कळेनाशी झाली.

आता पालट कसा झाला ते पाहू. १९८४ साली इंग्लंड आणि चीन यांच्यात करार झाला आणि १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे गेले. हाँगकाँगच्या लोकांना चीनविषयी पहिल्यापासून तिटकारा होता असे जे म्हणतात, ते चूक आहे. १९८९ च्या मे महिन्यात पेकिंगच्या विद्यार्थ्यांच्या पाठिंब्यासाठी हाँगकाँगच्या रस्त्यांवर लाखोंची गर्दी उतरली. ते आपले आहेत या भावनेने उतरली. २००८ साली सेचुआनचा भूकंप झाला तेव्हा हाँगकाँगने मन मोकळे करून मदत दिली, आणि त्या वर्षीच्या ऑलिंपिकचा अभिमानही बाळगला. हाँगकाँग विद्यापीठाच्या पाहण्यांत स्वतःला चिनी म्हणवणाऱ्यांचे प्रमाण त्या सुमारास चढलेले होते आणि त्यानंतरच्या दशकात ते उतरत गेले. तेव्हा जे बिघडले, ते नंतर बिघडले.

बिघाडाची कारणे दोन जातींची आहेत, आणि चाहते बहुधा ती एकत्र करून बोलतात. आपण ती निराळी करू.

पहिले कारण मक्तेदारीचे. तिसरी एक चित्रवाणी १९७५ साली निघाली आणि १९७८ साली बुडाली. दुसरी, एटीव्ही, कायम अशक्त राहिली आणि एप्रिल २०१६ मध्ये बंद पडली. समोर कोणी नसले की कारखाना तोच माल काढत राहतो, हे आपण जाणतोच. १९९५ ते १९९९ या काळात 'अ काइन्ड्रेड स्पिरिट' या एका मालिकेचे १,१२८ भाग निघाले! यंत्रावर जसा मागोमाग माल पडतो, तशा मालिका पडू लागल्या. तेच नट, त्याच खोल्या, तोच वारसाहक्काचा तंटा. नवी माणसे घडवायची, लेखकाला उसंत द्यायची, यावर खर्च करायचा तर स्पर्धा हवी. २००५ साली कोरियाची 'दे जांग गुम' ही स्वयंपाकिणीची कथा टीव्हीबीनेच कँटनीज आवाजात दाखवली आणि गाव वेडे झाले. घरच्या प्रेक्षकाने त्या वेळी मनातल्या मनात तुलना केली. पुढे २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, मालिका आधीच तयार करून बसलेल्या एका नव्या कंपनीला सरकारने परवाना नाकारला. मालिकांसाठी कधी मोर्चा निघेल असे कोणाला वाटले नसेल. पण तो निघाला, आणि फार मोठा निघाला. संयोजकांनी आकडा लाखाच्या वर सांगितला, पोलिसांनी त्याहून बराच कमी. लोक म्हणत होते, आम्हाला निवड करू द्या. हे वाक्य चित्रवाणीपुरते नव्हते, हे राज्यकर्त्यांनाही कळले असावे.

दुसरे कारण भाषेचे आणि सत्तेचे. २०१० च्या जुलैत ग्वांगजौ येथे आशियाई खेळांच्या निमित्ताने एक सूचना पुढे आली की, तेथल्या चित्रवाणीने मुख्यतः मँडरिनमध्ये बोलावे. २५ जुलैला हजारो लोक एका भुयारी रेल्वे-स्थानकापाशी कँटनीजच्या बाजूने जमले. लक्षात घ्या, हे हाँगकाँगचे लोक नव्हेत. मुख्य भूमीवरचे, चीनचे नागरिक. २००४ पासून ग्वांगडाँगच्या तारवाहिनीवर टीव्हीबी अधिकृतपणे दिसत होती. पण नकोशी बातमी आली की मध्येच दुसरे काहीतरी लागे. २०१५ साली टीव्हीबीच्या मालकीत मुख्य भूमीवरचे भांडवल आले. २०१६ च्या फेब्रुवारीत तिच्या एका वाहिनीवर मँडरिन बातम्यांखाली सोप्या केलेल्या चिन्हांतली अक्षरे उमटली, तेव्हा दहा हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. परक्याला हा अक्षरांवरचा कज्जा वाटेल. पण ज्याची भाषा कचेरीत कधी नव्हती आणि जेवणाच्या टेबलावर तेवढी होती, त्याला त्या अक्षरांत पुढची पायरी दिसली. पेकिंगच्या सरकारी चित्रवाणीचे नाव सीसीटीव्ही. ते जोडून लोक टीव्हीबीला 'सीसीटीव्हीबी' म्हणू लागले. २०१९ च्या आंदोलनात तिच्या बातम्यांवर लोक इतके चिडले की जाहिराती काढून घ्या म्हणून कंपन्यांवर दडपण आले. 'पोकारी स्वेट' या जपानी पेयाने त्या जाहिराती थांबवल्या, आणि लगेच मुख्य भूमीवर त्या पेयाविरुद्ध ओरड झाली. एका बाटलीला दोन्हीकडून मार!

एकाच गोष्टीचा अर्थ कसा पालटतो, याचा एक नमुना सांगतो. सरकारी नभोवाणी-चित्रवाणीने १९७० च्या दशकात 'लायन रॉक' या डोंगराखाली राहणाऱ्या गरीब माणसांची मालिका काढली. १९७९ चे तिचे गीत रोमन टॅम यांनी गायिले. तेही कू आणि वाँग याच जोडीचे. सगळ्यांनी मिळून कष्ट काढावेत असा त्याचा भाव. २००२ साली अर्थसचिवांनी अंदाजपत्रकाच्या भाषणात त्याचा आधार घेतला. म्हणजे मंदी आहे, सोसा. आणि २३ ऑक्टोबर २०१४ रोजी काही तरुणांनी त्याच डोंगराच्या कड्यावरून खरा मताधिकार मागणारा प्रचंड पिवळा फलक खाली सोडला. गाणे तेच, डोंगर तोच; राज्यकर्त्याने त्यातून सहनशीलता उचलली, मुलांनी हक्क उचलला. संस्कृती ही अशी कोणाच्या तिजोरीत बसत नाही.

मग चाहत्यांचे झाले काय? माझ्या वाचनावरून मला त्यांच्या तीन वाटा दिसतात. काही जण जुन्या मालिकांकडे परतले. २०१५ साली १९९२ ची 'द ग्रीड ऑफ मॅन' पुन्हा दाखवली तेव्हा, शेअरबाजाराच्या त्या जुन्या कथेवर लोक नव्याने तुटून पडले. काही जण मुख्य भूमीच्या मालिकांकडे वळले. तेथे पैसा आहे, वेशभूषा आहे, मोठाले महाल आहेत. २०११ ची 'एम्प्रेसेस इन द पॅलेस', २०१८ ची 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस'. या दुसरीत टीव्हीबीतून पुढे आलेली चार्मेन शेह आहे, आणि हाँगकाँगने ती कँटनीज आवाजात पाहिली. ज्यांना मँडरिन आवडत नाही म्हणणारे, तेही रात्री ती पाहत होते. परदेशातल्या मुलांनी अशा मालिकांपायी मँडरिन शिकायला घेतली. तिसऱ्यांनी या सगळ्यालाच पाठ दाखवली. कोणी कोरियाकडे, कोणी २०१६ साली निघालेल्या 'व्ह्यूटीव्ही' या नव्या वाहिनीच्या मुलामुलींकडे वळले. आणि मुख्य भूमीवर? तेथे २०२३ ची 'द क्वीन ऑफ न्यूज' ही टीव्हीबीची मालिका लोकांनी उचलून धरली, आणि आपल्या लहानपणाचा तो आवाज परत आला म्हणून आनंद मानला. हाँगकाँगात जी चित्रवाणी परक्यांची झाली असे काहींना वाटते, तीच पलीकडे कोणाच्या तरी बालपणाची खूण आहे. दोघेही खोटे बोलत नाहीत.

आता प्रश्नाचे उत्तर. माझे मत स्पष्ट आहे. भाषा, कथा, सण, स्वयंपाक ही करणाऱ्या लोकांची मिळकत आहे. ती सरकारची नव्हे आणि कंपनीचीही नव्हे. जिन योंगच्या वीरांवर प्रेम करणारा माणूस पेकिंगच्या धोरणाला 'नाही' म्हणू शकतो, आणि 'नाही' म्हटल्याने त्याचे प्रेम खोटे ठरत नाही. हे मी आरामखुर्चीत बसून बोलत नाही. हाँगकाँगच्या स्वतंत्र कामगार संघटनांचा महासंघ १९९० साली स्थापन झाला होता. २०२० च्या सुरक्षा कायद्यानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने स्वतःच्या विसर्जनाचा ठराव केला. संघटनेचे दप्तर बांधून ठेवताना त्या माणसांच्या मनात काय आले असेल, हे माझ्यासारख्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून सत्तेवरचा त्यांचा राग मला समजतो.

पण येथेच आ चान परत येतो. २०१२ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या एका वृत्तपत्रात पानभर जाहिरात छापून आली. तिच्यात मुख्य भूमीवरून येणाऱ्या लोकांना टोळधाड म्हटले होते. इस्पितळात खाटा पुरत नव्हत्या, घरभाडी गगनाला भिडली होती, हे सारे खरे. पण खाटा वाढवणे कोणाचे काम होते? घरांच्या जमिनी कोणाच्या हाती होत्या? त्यांना सोडून, कडेवर मूल घेऊन आलेल्या बाईला टोळ म्हणायचे, ही ३३ वर्षांपूर्वीची आ चानचीच थट्टा, फक्त आता हसू जाऊन तिच्यात विष आले होते. गिरणीच्या फाटकावर आम्ही हेच शिकलो आहोत. मालकाशी भांडण असले म्हणजे बदली कामगाराच्या डोक्यात दगड घालायचा नसतो. तो उद्या आपल्याच बाकावर बसणार असतो. ग्वांगजौच्या स्थानकापाशी कँटनीजसाठी उभे राहिलेले लोकही मुख्य भूमीचेच होते, हे टोळधाड म्हणणाऱ्यांनी विसरू नये. आणि दुसऱ्या बाजूनेही ऐकावे. हाँगकाँगच्या माणसाने आपली भाषा मागितली की त्याला देशद्रोही ठरवणारे लोक, लहानपणी त्याच भाषेतल्या वीरांच्या तलवारी लाकडाच्या पट्टीने खेळले आहेत.

चाहत्याचे मन बदलते याचे दुःख करण्याचे कारण नाही, ते बदलायचेच. बदलताना त्याने एवढे पाहावे की, राग नेमका कोणावर आहे. मालिका बिघडली असेल तर मक्तेदाराला विचारावे. भाषा दाबली जात असेल तर दाबणाऱ्याला विचारावे. शेजारच्या टेबलावर भात खाणाऱ्या माणसाला विचारू नये. त्याच्या ताटातही बहुधा तोच रस्सा असतो.